कोथिंबिरीत गेलेला प्रोग्राम

आधी ती भजी संपवा. हो हो, संपवाच. कारण मी सांगायला लागलो की भज्यांखालच्या कागदाकडे तुमचं सारखं लक्ष जाईल, आणि गार भजी खाण्यात काय मजा?

मूर्खपणा सगळेच करतात हो. पण स्वतःचं काम, बापाचा धंदा आणि घराची अब्रू, तिन्ही एकाच सकाळी मातीत घालणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? नसेल तर नीट बघून घ्या. हा तुमच्यासमोर बसलाय.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वाशीमच्या कडेला आमचा भाजीचा मळा. वांगी, मेथी, कोथिंबीर, मिरची. बाबा रोज सकाळी भाजीबाजारात बसायचे, माय मळ्यातून माल काढून द्यायची. आणि त्यांचा हा एकुलता एक पोरगा, म्हणजे मी सुधाकर, शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेतल्या एका विद्यापीठात! केवढा मान होता माझा, काय सांगू. बाबा वांगी तोलता तोलता गिऱ्हाइकाला सांगायचे, "माहा पोट्टा अमेरिकेत मशीन चालवते." गिऱ्हाईक विचारायचं, "पिठाची का?"

आता ते मशीन काय ते तुम्हाला थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. खोलीभर मोठा कॉम्प्युटर. असे कॉम्प्युटर तिथं गावोगावच्या विद्यापीठांत होते आणि ते तारांनी एकमेकांना जोडायचं काम चाललं होतं. एकानं दुसऱ्याला निरोप धाडायचा तर तो अख्खा जात नाही. त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालायचा आणि द्यायचे सोडून. त्या तुकड्याला म्हणायचं पॅकेट. पॅकेट कसं बांधायचं, पत्ता कुठं लिहायचा, याचे नियम म्हणजे प्रोटोकॉल. कॉम्प्युटर वाढले, तसे जुने नियम अपुरे पडायला लागले. पत्त्याला जागाच पुरेना! म्हणून नवे नियम निघाले. आणि नवे नियम निघाले की प्रत्येक मशीनचा जो मुख्य कारभारी प्रोग्राम असतो, ऑपरेटिंग सिस्टीम, त्यातला पॅकेटं घेणारा-उघडणारा भाग नव्यानं लिहिणं आलं.

आमच्या विद्यापीठात ते काम कुणाच्या गळ्यात पडलं? बरोबर!

लिहिला मी. पण एक खोट राहिली. नव्या नियमांत तुकडे मागेपुढे आले तरी चालायचे, मशीननं ते ठेवून घ्यायचे आणि सगळे आले की जुळवायचे. पण एखादा तुकडा वाटेत हरवला तर? माझा प्रोग्राम बाकीचे तुकडे धरून त्याची वाट बघत बसायचा. बसायचा म्हणजे बसायचाच! असे तुकडे साचत जायचे, मशीनची जागा भरायची आणि मशीन ठप्प. प्रोफेसर वैतागले. म्हणाले, "तू सुट्टीला घरी चाललाच आहेस, तर सगळा प्रोग्राम छापून ने आणि बसून वाच. परत येशील तेव्हा दुरुस्ती हातात पाहिजे. नाहीतर हे काम मी दुसऱ्याला देईन."

दुसऱ्याला देणार म्हणजे शिष्यवृत्ती गेली. आणि शिष्यवृत्ती गेली की मी परत वांगी तोलायला.

तर मी दोन गठ्ठे घेऊन वाशीमला उतरलो. एका गठ्ठ्यात जुन्या नियमांचा प्रोग्राम, नुसता ताडून बघायला. दुसऱ्यात माझा, नव्या नियमांचा. कागद कसले होते, अहा! लांबरुंद, जाड, हिरव्या पट्ट्यांचे, दोन्ही कडांना भोकं. माय त्यांच्यावरून हात फिरवून म्हणाली, "असा कागद तं लग्नाच्या पत्रिकेलेबी नाही पाह्यला गा!"

सुट्टीभर मी विहिरीजवळच्या बाजेवर पडून माझा प्रोग्राम वाचला. लाल शाईनं खुणा केल्या, खोडलं, पुन्हा लिहिलं. त्यावर चहा सांडला. एकदा शेळीनं कोपरा चावला. आणि शेवटी सापडली हो दुरुस्ती: हरवलेल्या तुकड्याची ठरावीक वेळच वाट बघायची, नंतर बाकीचे फेकून द्यायचे! एका पानावर, समासात, बारीक अक्षरात लिहून काढली. इतका आनंद झाला की त्या आनंदात मी तिथंच झोपलो.

आणि सकाळी, मी अर्धवट झोपेत असताना, माय आली.

"सुधाकर, बाबाले पुड्या बांधाले कागद नाही राह्यला. तुह्या या गठ्ठ्यातला एखादा देतं का?"

मी डोळे न उघडता म्हणालो, "जुना ने. नव्याला हात लावू नको."

काय चुकलं माझं? सांगा, काय चुकलं? जुना म्हणजे जुन्या नियमांचा, नवा म्हणजे नव्या! हे मला माहीत. मायला काय माहीत? तिनं दोन गठ्ठे पाहिले. एक कोराकरकरीत, घडीसुद्धा न मोडलेला. दुसरा चुरगळलेला, चहा सांडलेला, शेळीनं खाल्लेला, लाल रेघोट्यांनी भरलेला. तुम्हीच सांगा, जुना कोणता?

मी उठलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. बाजेजवळ तो कोराकरकरीत गठ्ठा. माझा प्रोग्राम गायब!

"माय! दुसरा गठ्ठा कुठंय?"

"तूच तं म्हनला ना जुना ने. बाबा घेऊन गेले बाजारात. लय खूश झाले."

सायकल काढली आणि जो सुटलो! बाजारात पोचलो तर बाबा ऐटीत बसलेले. आज बाजारात सगळ्यांत देखण्या पुड्या त्यांच्याच. शेजारचे भाजीवाले माना वळवून बघतायत. गठ्ठा अर्ध्याच्या वर संपलेला. उरलेला मी झडप घालून छातीशी धरला, बसूनच चाळला. दुरुस्तीचं पान? नव्हतं!

"बाबा, कोण कोण घेऊन गेलं?"

"आता कोनकोन सांगू? वानखडे मास्तरीनबाई कोथिंबीर घेऊन गेल्या. बसस्टँडवरचा रशीदभाई मिर्च्या घेऊन गेला, जास्त होत्या म्हनून भलकसे कागद लागले. काहून रे? असा पांढरा काहून पडला?"

उत्तर द्यायला थांबलो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी थांबलो नाही. शहाणा माणूस ना मी!

वानखडे मास्तरीणबाई आमच्या शाळेच्या. त्यांनी मला पाढे शिकवले. त्यांच्या अंगणात मी सायकल टाकली आणि ओरडलो, "बाई! कोथिंबीर कुठंय?"

बाई बाहेर आल्या. "चटनी वाटली. जेवतं का? ये."

"आणि कागद?"

"चुलीत घातला. चहा ठेवला ना."

मी मटकन ओट्यावर बसलो. डोकं दोन्ही हातांनी धरलं. "संपलं," म्हणालो. "बाई, सगळं संपलं."

बाईंचा चेहरा उतरला. "काय संपलं? सुधाकर, काय झालं?"

"किती पानं होती, बाई?"

"आता कोथिंबिरीचे पानं कोन मोजते बाप्पा?"

"तसं नाही! त्यावर लाल काही होतं का? लाल?"

"लाल?" बाईंनी घरात बघितलं. आत त्यांचे यजमान, वानखडे गुरुजी, चटणी-भाकरी खात होते. "मले काही लाल दिसलं नाही. काहून? लाल असलं तं काय होते?"

पण मी ऐकायला होतो कुठे? मी केव्हाच सायकलवर! मागून बाईंचा आवाज आला, "अहो, चटनी थुका! थुका म्हनते ना!" तो कानावर पडला, पण मेंदूपर्यंत पोचला नाही. मेंदू तेव्हा बसस्टँडवर पोचला होता.

रशीदभाईचं हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि मोठी कढई. मिरचीभजी तळणं जोरात चाललं होतं, आणि भजी द्यायला काय? माझा प्रोग्राम! रशीदभाई टराटरा फाडत होता आणि त्यावर भजी टाकत होता.

"रशीदभाई, थांबा!"

"अरे आओ अमरिकावाले! क्या कागज है यार, तेल पीताच नहीं!"

त्याच्याकडून उरलेले ताव ओढून घेतले. दुरुस्तीचं पान त्यातही नाही! "बाकीचे कुणाला दिले?"

त्यानं झाऱ्यानं दाखवलं. समोर शिरपूरची बस उभी. आत बाया-माणसं दाटीवाटीनं बसलेली, आणि खिडक्या-खिडक्यांतून हिरव्या पट्ट्यांचे कागद दिसतायत. वरती भजी! कंडक्टरनं घंटी मारली, बस हलली, आणि मी पळत जाऊन पायरीवर उडी मारली.

आता मी तिथं काय बोललो ते नीट ऐका. मला म्हणायचं होतं की भजी बाजूला ठेवा, कागदाला आणखी तेल लागू देऊ नका. तोंडातून काय निघालं?

"खाऊ नका! कुणी खाऊ नका! आधी कागद द्या!"

बस कचकन थांबली. सगळे घास हवेत.

एक हडकुळा माणूस उभा राहिला. "मी तं खाल्ले बाप्पा! सारेच खाल्ले! आता?"

"कागद कुठंय तुमचा?"

"हा काय. पन मले काय होईन थे सांग ना!"

मी त्याच्या हातातून कागद घेतला, आणि काय सांगू! लाल शाई! माझं बारीक अक्षर! दुरुस्तीचं पान! मी ते घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या बिचाऱ्याचा हात हातात घेऊन म्हणालो, "देवानंच वाचवलं हो!"

तो माणूस खालीच बसला. पोटावर हात ठेवून म्हणाला, "मळमळून राह्यलं."

बसमधून भज्यांचा पाऊस पडला, कागदांसकट. कंडक्टर मला म्हणाला, "तुमी उतरा आधी." मी आनंदानं उतरलो आणि खाली पडलेले सगळे कागद गोळा केले. बस शिरपूरला गेली, आणि बातमी बाजारात.

बातमी काय? अमेरिकेहून जहरी कागद आलाय. लाल शाईचा असला तर माणूस वाचत नाही.

हे मला कसं कळलं? मी शीळ घालत बाजारात परतलो तेव्हा. बाबांच्या भोवती ही गर्दी! कुणी पुडीसकट वांगी परत आणलेली, कुणी मेथी. समोर भाजीचा ढीग, त्यामागं बाबा. मेथी उन्हात मान टाकत होती, तसेच बाबाही. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माल विकला नाही तर उद्या तो बैलापुढे टाकायचा, आणि परवा कुणी घेणारच नसेल तर पिकवायचा कशाला? माझा तर जीवच गेला.

वानखडे गुरुजी जिभेला लिंबू चोळत उभे होते. मास्तरीणबाई म्हणाल्या, "सुधाकर, आता सारं खरं सांग. काय हाये त्या कागदात?"

म्हटलं, शिकलेला माणूस आहे मी, नीट समजावून सांगतो. आणि सांगितलं ना! तोंड शिवून का नाही बसलो कुणास ठाऊक.

"लोकहो, घाबरू नका. यात फक्त पॅकेटं उघडायची कृती आहे."

"कायचे पाकिटं?"

"तारेतून येतात ती. आता त्यात एक किडा होता, खरं आहे..."

तिकडं प्रोग्राममधल्या चुकीला बग, म्हणजे किडाच, म्हणतात हो! मी आपला साध्या मराठीत सांगायला गेलो!

"किडा!" गर्दी मागं सरकली. "कागदात किडा होता!"

"पण मी तो शोधला! लाल शाईनं खूण केली आहे त्याच्यावर!"

"लाल! पाह्य, म्हनलं होतं ना मी! लाल!"

कुणीतरी म्हणालं की बसमधला हडकुळा माणूस वाटेतच उतरवला, तोही दोघांनी धरून. दुसरा म्हणाला, सरकारी दवाखान्यात नेला. तिसरा म्हणाला, नेऊन उपयोग नाही झाला. माझ्यासमोर, माझ्या कानांदेखत, एका भजी खाणाऱ्याला लोकांनी मारून टाकलं!

मग बाबा उठले. गर्दीशी बोलले नाहीत, माझ्याशी बोलले.

"सुधाकर, जहर हाये का यात?"

"नाही बाबा. आईशप्पथ नाही."

"मंग खा."

त्यांनी वांगं माझ्या हातात दिलं. कच्चं. खाल्लं मी. मग एक हिरवी मिरची. खाल्ली. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, पण खाल्ली! अख्खा बाजार बघतोय, अमेरिकेचा साहेब कच्चं वांगं चावून राह्यला.

मागून आवाज आला, "वांगं तं मळ्यातलं हाये. वांग्याले कोन काय म्हनते? कागदाचं सांग."

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

बाबांच्या त्या नजरेपुढे माझी विचारशक्ती गेली. मी खिशात हात घातला, लागला तो कागद काढला आणि एक तुकडा तोडून तोंडात टाकला.

कधी कागद खाल्लाय? खाऊ नका. दातांत बसतो, गिळवत नाही. याला निदान भज्याचं तेल लागलं होतं म्हणून थोडी चव तरी होती. मी चावतोय, लोक माझ्या डोळ्यांकडे बघतायत, कधी पांढरे होतात म्हणून.

"तुकडा काहून? पुरा खा!"

"हो ना. तुकड्यात नसन जहर."

रशीदभाई गर्दीतून चहाचा ग्लास घेऊन पुढं आला. "चाय के साथ जाएगा बेटा. धीरे धीरे."

गेला. पूर्ण ताव गेला. शेवटच्या घासाला मला उचकी लागली आणि मास्तरीणबाईंनी किंकाळी फोडली. गुरुजींनी माझी नाडी धरली. सगळा बाजार श्वास रोखून उभा. मी उचक्या देत उभा. एक उचकी, दुसरी उचकी, आणि थांबली.

"जित्ता हाये," गुरुजी म्हणाले आणि लिंबू फेकून दिलं.

मग काय विचारता! ज्यांनी वांगी परत आणली होती त्यांनीच ती लाजत लाजत पुन्हा उचलली. ज्यांना काही घ्यायचं नव्हतं तेही घ्यायला लागले, कागद खाणाऱ्याला जवळून बघता येतं म्हणून. दुपारच्या बसनं तो हडकुळा माणूस शिरपूरहून परत आला, धडधाकट! त्याला शिरपूरच्या पाव्हण्यांनी खायला घालून घालून परत पाठवला होता. आल्या आल्या त्यानं रशीदभाईला भजी मागितली. बाबांचा सगळा माल गेला. रिकामी टोपली सायकलला बांधताना ते हसले आणि म्हणाले, "लेका, तू अमेरिकेत काय करतं थे मले नाही समजलं. पन आज तू कामाचा झाला."

मला इतकं भरून आलं! मळ्यावर येऊन बाजेवर मी सगळी पानं लावायला बसलो. तेलकट, हिरवट, मिरचीचे देठ चिकटलेली, पण पानं होती. चुलीत गेलेलं एक पान सोडलं तर सगळी. आणि दुरुस्तीचं? ते तर माझ्या खिशात...

खिशात हात गेला. हात तिथंच राहिला.

माय आली. "काय झालं रे? असा काहून बसला?"

"माय," मी म्हणालो, "मी ते खाल्लं."

"चांगलं झालं. आता भाकर खातं का?"

परत गेल्यावर मी प्रोफेसरांना सांगितलं की एक पान प्रवासात गहाळ झालं. कुठल्या प्रवासात ते त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "आठवून लिही." लिहिलं. जसंच्या तसं आठवलं, अक्षर न् अक्षर. मशीनला घातलं. पूर्वी ते पॅकेटं धरून बसायचं आणि हळूहळू ठप्प व्हायचं. आता? आलेलं प्रत्येक पॅकेट आल्या आल्या फेकून द्यायला लागलं! किती थांबायचं तेच मी मुळात, त्या बाजेवर, उलटं लिहिलं होतं. सगळ्या विद्यापीठाचे निरोप गडप, आणि शेवटी मशीनच बंद ठेवावं लागलं. जिन्यावर रागावलेल्या लोकांची रांग.

प्रोफेसर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. आवाज अगदी शांत. तोच वाईट.

"सुधाकर, ही दुरुस्ती मशीनला घालण्याआधी तू तपासून पाहिली होतीस?"

"हो सर."

"कशी?"

आता त्या भल्या माणसाला मी काय सांगणार? की सर, भरबाजारात चहाबरोबर अख्खी खाऊन पाहिली होती, काही झालं नाही?